नवमी नसलेला पंधरवडा

बोईसरच्या त्या कॉलेजात प्राचार्य चार आले आणि तीन गेले, पण ग्रंथालयाच्या दाराशेजारचा पांढरा फळा आणि त्याच्यापुढे मार्कर घेऊन उभ्या राहणाऱ्या पुष्पलताबाई तांडेल, या दोघांना अकरा वर्षांत कुणी हलवलं नव्हतं. बाई हुद्द्याने ग्रंथालय परिचर. पुस्तकं जागेवर लावायची, धूळ झटकायची, एवढंच काम कागदावर. पण 'कमवा आणि शिका' योजनेतली चौतीस मुलंमुली कॉलेजातच कामाला होती. कुणी ग्रंथालयात, कुणी ऑफिसात, कुणी प्रयोगशाळेत, कुणी कॅन्टीनला. कुणी कधी यायचं नि कधी सुटायचं, हे त्या फळ्यावर ठरायचं आणि फळ्यावर बाई लिहायच्या. मुलं प्राचार्यांना भीत नसत तेवढी बाईंना भीत.

फळाही काही साधासुधा नव्हता. दुसरीकडे वार नि तारीख लिहितात. बाई तारखेच्या डोक्यावर तिथी लिहायच्या. नवे प्राध्यापक हसायचे, कॉलेजात पंचांग आणलं म्हणायचे. हसेनात बापडे. त्यांना कुठे होडीची वाट बघावी लागते? बाई मुरबे या मच्छीमार गावच्या. तिथल्या खाडीच्या तोंडाशी गाळ, भरतीचं पाणी चढल्याशिवाय होडी आत येत नाही, आणि होडी आली की घरच्या पोरीला बंदरावर असावंच लागतं. म्हावरं निवडायचं, पाट्या भरायच्या, आईला बाजाराच्या गाडीत बसवून द्यायचं, मगच कॉलेज. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मुरब्यातल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्यात अडीच तास मिळवले की पोरगी बोईसरला हजर.

म्हणून मुरब्याच्या मुलींची कामाची पाळी बाई रोज पाऊण तासाने पुढे न्यायच्या, आणि डोंगरातल्या पाड्यावरच्या कमळीला शनिवारी एकच्या पुढे काम द्यायच्या नाहीत, नाहीतर तिची शेवटची एसटी चुकायची. हे सगळं बाईंच्या डोक्यात. अकरा वर्षांत मी लावलेली एकही पाळी चुकली नाही, असं त्या येताजाता ऐकवायच्या. ऐकून ऐकून कान किटायचे, पण गोष्ट खरी होती.

दिवाळीनंतर माशी शिंकली. वरून पत्र आलं की मुलांच्या कामाच्या वेळा यापुढे ऑनलाइन नोंदलेल्या हव्यात, आणि दुसऱ्या सत्राची नावं त्याच नोंदीतून घेतली जातील. प्राचार्य केदार सर साताऱ्याकडचे, माणूस सज्जन, पण सरकारी पत्र दिसलं की पाचावर धारण बसायची. त्यांनी लगेच तिघांची समिती नेमली: स्वतः, संगणक विभागाच्या हिना मॅडम आणि पुष्पलताबाई.

समितीपुढे दोन सॉफ्टवेअरं आली. एक मेहुल नावाच्या तरुणाचं. तो तारापूरच्या कारखान्यांना कामगारांच्या पाळ्यांचं सॉफ्टवेअर विकायचा, तेच कॉलेजात घेऊन आला होता. कारभार कडक. दिलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटं उशीर झाला की नावापुढे लाल खूण, पंधरवड्यात तीन लाल खुणा झाल्या की नाव यादीतून बाद, कुणाला विचारणं नाही की काही नाही. दुसरं हिना मॅडमनी शोधून काढलेलं, साधं. मुलांनी आपल्या अडचणीच्या वेळा स्वतः भरायच्या, आपापसांत पाळ्या बदलायच्या, वरच्याने नुसता होकार द्यायचा. ठरलं असं की जानेवारीतल्या पौर्णिमेनंतरच्या सोमवारपासून दोन आठवडे दोन्ही चालवून बघायची, एक ग्रंथालयात नि दुसरं बाकी विभागांत, आणि दुसऱ्या शुक्रवारी तीन वाजता निवड करून पाचच्या आत नावांची यादी वर पाठवायची. पाचनंतर यादीचं दार बंद, मग पुढचं वर्ष.

ग्रंथालयात कुठलं लावायचं, असं सरांनी विचारलं. आता बाईंच्या मनात काय होतं ते सांगायलाच हवं. बाईंना दोन्ही नको होती. त्यांना फळा हवा होता. तरी त्यांनी मेहुलचं मागून घेतलं, कारण तेच जास्त वाईट होतं. ते ग्रंथालयात तोंडावर आपटलं की सर घाबरतील, दुसऱ्याचंही नाव काढणार नाहीत आणि म्हणतील, राहू दे बाई, तुमचा फळाच बरा. हा बाईंचा डाव. मनातल्या मनात त्यांनी तो जिंकूनही टाकला होता.

वेळा भरायला बाईंना दोन मजले वर संगणक कक्षात बसवलं. शेजारी मेहुल, दर दोन मिनिटांनी "हो गया आंटी?" म्हणत. आंटी म्हटल्याचा बाईंना असा राग आला की त्यांनी दोन आठवड्यांच्या वेळा एका दमात भरून टाकल्या. स्क्रीनवर तारखा होत्या, तिथीचा रकाना नव्हता. कॅलेंडर खाली ग्रंथालयाच्या भिंतीवर. बाईंनी बोटांवर मोजलं: सोमवारी प्रतिपदा, मंगळवारी बीज, बुधवारी तीज. एक दिवस, एक तिथी. पुढच्या सोमवारी अष्टमी, मंगळवारी नवमी, बुधवारी दशमी. मेहुलने बटण दाबलं आणि झालं.

पहिला आठवडा सरळ गेला. दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी दीपाली मेहेरच्या नावापुढे लाल खूण पडली.

दीपाली मुरब्याचीच, शेवटच्या वर्षाची. बाप होडीवर, आई सुगंधा बोईसरच्या बाजारात म्हावरं विकायची. बापाने सरळ सांगून ठेवलं होतं, कॉलेजात काम हाय तवर शिक, ते सुटलं का बंदर हाय आणि लगीन हाय. त्याच्या बोलण्यात खुन्नस नव्हती, तो तसा गोड माणूस होता, पण एकदा बोलला की बोलला. दीपालीची डिग्री सहा महिन्यांवर आली होती. यादीत नाव राहिलं तर डिग्री, नाही राहिलं तर जिथल्या तिथे.

कशाला खोटं बोला, ती लाल खूण बघून बाईंना आनंद झाला. यंत्राने मंगळवारी दीपालीची वेळ सव्वानऊ दाखवली आणि पोरगी आली दहाला. बघा, म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात नीट होतं आणि आता वेळा खाल्ल्या यंत्रानेच. बुधवारी दुसरी लाल खूण पडली. बाईंनी ती ऑफिसातल्या चार जणांना नेऊन दाखवली. मुरब्याच्या बाकी मुलींची पाळी त्या आठवड्यात दुपारची होती, त्यामुळे त्यांच्यापुढे काही पडलं नाही. गुरुवारी दीपालीची वेळ होती पावणेअकरा, ती आली साडेअकराला. तिसरी लाल खूण पडली आणि तिच्या पूर्ण नावावर राखाडी पट्टा आला: यादीतून बाद.

आता बाई हसल्या नाहीत. डाव यंत्राला पाडायचा होता, पोरीला नाही. त्या तडक केदार सरांकडे गेल्या आणि तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला, की मी भरलेल्या वेळा या सॉफ्टवेअरने परस्पर बदलल्या आणि निर्दोष विद्यार्थिनीचं नाव काढलं. खाली ठसठशीत सही. हिना मॅडम तिथेच होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, बाई, वेळा तुम्हीच भरल्या होत्या ना? बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मॅडमनी पुढे विचारलं नाही. सरांनी मेहुलला शुक्रवारच्या बैठकीला बोलावलं. ग्रंथालयात येऊन बाईंनी दीपालीला सांगितलं की घाबरायचं नाही, यंत्राची चूक आहे, उद्या सरळ करते. दीपाली पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर बघत म्हणाली, हो बाई. बस्स, एवढंच.

संध्याकाळच्या मुरब्याच्या बसमध्ये सुगंधा भेटली. रिकामी पाटी पायाशी, चेहरा खुलला होता. पोरीच्या नावाचं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि बाईंनीही सांगितलं नाही. सुगंधा आपल्याच नादात बोलत होती. पोरगी परीक्षा झाली का मास्तरकीचा कोर्स करनार, बाप आतापासून गावभर सांगत सुटलाय. मग बाजाराचं निघालं. आज बरं खपलं, म्हणाली.

"काल मात्र हात हालवत आले. एकादस ना काल. बोंबलाला कुत्रं इचारीना."

बाईंनी मान डोलवली. एकादशी काल? यंत्रात त्यांनी एकादशी आज धरली होती. सुगंधा चुकेल म्हणावं तर म्हावरं विकणाऱ्या बाईला एकादशी चुकत नाही, त्या दिवशी अर्धं बोईसर मासळीकडे पाठ फिरवतं. बाईंनी बसमध्येच बोटांवर मोजलं. सोमवार अष्टमी, मंगळवार नवमी, बुधवार दशमी, गुरुवार एकादशी. पुन्हा मोजलं. बोटं तेच सांगत होती.

घरी आल्या त्या चपला न काढता कॅलेंडरपुढे गेल्या. सोमवारच्या चौकोनात अष्टमी. मंगळवारच्या चौकोनात दशमी. मधली नवमी नाहीच, बारीक अक्षरात लिहिलेलं, क्षय तिथी. पंधरवड्यात कधी कधी एक तिथी अशी गळते, बाईंना हे काय नवीन होतं? फळ्यावर लिहिताना त्या रोज सकाळी कॅलेंडर बघूनच लिहायच्या, म्हणून गळलेली तिथी आपोआप गळायची. दोन आठवडे एकदम भरायची वेळ अकरा वर्षांत पहिल्यांदाच आली, आणि रागाच्या भरात बोटांवर मोजून त्यांनी नसलेली नवमी घुसडून दिली. तिथून पुढे सगळं पाऊण तास आधी. भरती कुणाच्या बोटांवर चालत नाही. होडी दशमीच्या भरतीला आली, पोरगी तिच्या मागून आली, बरोब्बर वेळेवर आली. चुकलं होतं ते बाईंचं.

आणि वर तो अर्ज. सहीचा.

शुक्रवारी सकाळपासून बाई तीनदा सरांच्या दारापर्यंत गेल्या आणि तीनदा परत आल्या. पहिल्यांदा आत कुणीतरी होतं. दुसऱ्यांदा शिपायाने विचारलं, काय काम, आणि बाई म्हणाल्या, काही नाही. तिसऱ्यांदा आत कुणी नव्हतं आणि शिपाईही नव्हता, तरी त्या परतल्या. मन माणसाला वकील पुरवतं बघा. यंत्रावर आळ टिकला तर काय बिघडतं, यंत्राला काय पोरंबाळं आहेत? पोरीचं नाव परत येईल, फळा राहील, खोट्या अर्जाचं कुणाला कळणार नाही. असं स्वतःला समजावत दुपारचे तीन वाजले.

मेहुल लॅपटॉप घेऊन आला होता. त्याला राग आलेला दिसत होता, पण बोलला अदबीने. त्याने भिंतीवर नोंद दाखवली. मंगळवार, सव्वानऊ, भरणाऱ्याचं नाव पुष्पलता तांडेल. बुधवार, दहा, नाव तेच. गुरुवार, पावणेअकरा, नाव तेच. भरल्याची तारीख आणि मिनिटसुद्धा. त्यानंतर कुणीही काही बदललेलं नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ आपोआप बदलतच नाही, असं तो दोनदा हिंदीत म्हणाला आणि लॅपटॉपवरून हात उचलून घेतले.

एकेक नोंद पुन्हा पुन्हा तपासण्यात तास गेला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालेली. केदार सरांनी बाईंकडे बघितलं आणि त्या भल्या माणसाने त्यांना वाट काढून दिली. म्हणाले, बाई, तुमचा गैरसमज झाला असेल, होतं असं. वेळा बरोबर होत्या, मुलगी तीन दिवस उशिरा आली, तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. अर्ज मागे घ्या, मी विसरलो. असं म्हणून त्यांनी तेहतीस नावांची यादी पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम बाईंच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं. यादीवर मेहेर नाव नव्हतं, कामतांच्या खाली एकदम म्हात्रे होता, आणि सरांचं पेन कागदावर टेकलं.

"सर, थांबा. या पंधरवड्यात नवमीच नाय. मी ती धरली."

सरांना काही कळेना. साताऱ्याच्या माणसाला कसं कळणार? बाईंनी सांगायला सुरुवात केली. गाळ, होडी, पाऊणपट, गळलेली तिथी. शब्द मागेपुढे होत होते. फळ्यापुढे मुलांना दम देणारी बाई ती हीच का, असं वाटावं. हिना मॅडमनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं आणि सरांपुढे धरलं. सोमवार अष्टमी, मंगळवार दशमी. सरांनी त्या दोन चौकोनांवर बोट फिरवलं, मधे नवमी नव्हती.

बाई म्हणाल्या, "पोरगी वेळेवर आली. उशिरा मी हाय. आणि कालचा माझा अर्ज खोटा हाय, तो मागे नका देऊ."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग मेहुलला सांगितलं, नाव परत घाल. तो म्हणाला, पंधरवडा संपेपर्यंत बाद झालेलं नाव परत घेता येत नाही, कारखान्यांनीच तसं मागून घेतलंय. कंपनीला कळवावं लागेल, दोन दिवस. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. त्याने फोन लावूनही बघितला, कुणी उचलला नाही. चार वीस.

मार्ग हिना मॅडमनी काढला. यादी कुठल्याही एकाच सॉफ्टवेअरमधून गेली तरी चालते. समितीने आत्ताच्या आत्ता दुसरं निवडलं, बाईंनी आपल्या चुकीचा लेखी कबुलीजबाब दिला आणि सर्वांनी सह्या केल्या, तर ग्रंथालयाची हजेरी त्यात हाताने चढवून चौतीस नावं पाठवता येतील. वेळ पुरला तर. सरांनी बाईंना विचारलं, तुमचं मत? त्यांनी ते रीत म्हणून विचारलं, पण बाईंना त्याचा अर्थ पुरता कळत होता. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाळ्या कुणी लावत नाही. मुलं स्वतः भरतात. मुरब्याची पोर भरती बघून आपली वेळ आपणच घालणार, कमळी आपली एसटी आपणच सांभाळणार. तिथे मार्कर घेऊन उभं राहायला कुणी लागत नाही.

"दुसरं घ्या," बाई म्हणाल्या आणि कागद मागितला.

कबुलीजबाब चार ओळींचा, पण तिसऱ्या ओळीत नवमी हा शब्द दोनदा खोडावा लागला. तिकडे हिना मॅडम ग्रंथालयातल्या नऊ मुलांची दोन आठवड्यांची हजेरी चढवत होत्या. मेहुल, ज्याचं सॉफ्टवेअर नुकतंच नाकारलं गेलं होतं तो मेहुल, शेजारी बसून त्यांना आकडे वाचून दाखवत होता. साडेचारला नेट गेलं. चार सदतीसला आलं. यादी चढायला लागली आणि अर्ध्यावर अडकली. सर उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या. चार त्रेपन्नला पोच आली: नावं चौतीस. हिना मॅडमनी मेहेर नावावर बोट ठेवून बाईंना दाखवलं, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला.

सरांनी खालच्या आवाजात सांगितलं की सोमवारी मेमो द्यावा लागेल, खोट्या अर्जाचं मला गिळता येत नाही, आणि पाळ्यांचं काम आता हिना मॅडमकडे. बाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

ग्रंथालयात दीपाली एकटीच होती. परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होती. आपल्या वर्षाचा निकाल वरच्या मजल्यावर लागतोय हे तिला ठाऊक होतं, तरी ती वर आली नव्हती. बाईंनी तिला सांगितलं की नाव यादीतून वर गेलं, पोच आली, आता काळजी नाही. पोरीने डोळे मिटले आणि पदराआड रडावं तशी ओढणी तोंडाला लावून क्षणभर उभी राहिली. मग बाईंनी उरलेलंही सांगून टाकलं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं, मी नसलेली नवमी धरली होती.

"ठावं हाय बाई," दीपाली म्हणाली. "मंगळवारीच दिसलं मला, मोबाइलवर."

"मग बोलली का नायस?"

दीपालीने हातातलं पुस्तक जागेवर सरकवलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच बाईंना सोसवेना.

"तुमी रोज त्या लाल खुना बघत व्हत्या. मला वाटलं, तुमाला कळलं असंल."

 बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि उरलेली पुस्तकं दोघींनी मिळून लावली.